शाळेचे ऋण : माजी विद्यार्थ्यांच्या परतीचा इतिहास



कोणत्याही शिक्षण संस्थेची स्मरणिका उघडा. देणगीदारांची यादी दिसेल, दहावीच्या निकालाचा तक्ता दिसेल, नव्या इमारतीचे छायाचित्र दिसेल. ही सर्व प्रगतीची चिन्हे आहेत आणि त्यांचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु संस्थेची कमाई मोजण्याचे आणखी एक माप आहे व ते कोणत्याच तक्त्यात बसत नाही. ज्या मुलाने दहा वर्षांपूर्वी शाळा सोडल्याचा दाखला घेतला, तो आज शाळेच्या फाटकातून पुन्हा आत येतो का? आणि आला तर कशासाठी येतो? दाखल्याची दुसरी प्रत मागण्यासाठी, की आठवीच्या मुलांना वक्तृत्वाची तयारी करून देण्यासाठी?

अलीकडे अनेक हायस्कुलांतून माजी विद्यार्थी शनिवारी किंवा सुटीच्या दिवशी येऊन मुलांसाठी उपक्रम घेताना दिसतात. कोणी विज्ञानाचे प्रयोग दाखवतो, कोणी वादविवाद मंडळ चालवतो, कोणी मुलींना प्रथमोपचार शिकवते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शाळांनी माजी विद्यार्थ्यांचे व इतर जाणकारांचे सहकार्य घ्यावे असे सुचवले आहे. त्यामुळे पुष्कळांना ही कल्पना नवी वाटते. वस्तुतः ती आपल्याच मुंबईत व आपल्याच देशात पावणेदोनशे वर्षांपूर्वीपासून नांदत आली आहे. तो इतिहास आपल्या मुलांनी व पालकांनी जाणून घ्यावा, एवढ्यासाठीच हा लेख.

मुंबईची पहिली साखळी

प्रथम एका कोकणी मुलाकडे पाहू. बाळशास्त्री जांभेकर हे पोंभुर्ले गावचे. जन्म 1812 चा. लहान वयात ते मुंबईस आले, नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत शिकले आणि पुढे त्याच शैक्षणिक परिवारात एल्फिन्स्टन संस्थेमध्ये 1834 साली अध्यापक झाले. जिथे शिकले तिथेच शिकवू लागले. 1832 मध्ये 'दर्पण' काढणारे संपादक म्हणून त्यांना सारा महाराष्ट्र ओळखतो. परंतु शिक्षकांना शिकवून तयार करणाऱ्या वर्गाची जबाबदारीही त्यांनी सांभाळली होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते. 1846 मध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते वारले; पण तोवर त्यांच्या हाताखालून जी मुले गेली त्यांनी मुंबईचा पुढचा इतिहास घडवला. डॉ. भाऊ दाजी लाड आणि दादाभाई नौरोजी ही त्यांपैकी दोन नावे.

दादाभाईंची गोष्ट तर प्रत्येक गरीब विद्यार्थ्याने ऐकावी अशी आहे. 1825 साली त्यांचा जन्म झाला. चार वर्षांचे असताना वडील गेले. आई माणेकबाई लिहिता-वाचता न येणाऱ्या. पण मुलाला शिकवायचेच हा त्यांचा निश्चय होता. त्या काळी शाळेत फी नव्हती, म्हणून हे शिक्षण शक्य झाले. पुढे दादाभाईंनी स्वतःच सांगून ठेवले आहे की, आपण लोकांच्या पैशावर शिकलो, तेव्हा आपल्याजवळ जे काही आहे ते लोकांना परत केले पाहिजे, हा विचार त्यांच्या मनात विद्यार्थिदशेतच रुजला. विचार करा, फी माफ झाली याचा आनंद तर सर्वांनाच होतो. परंतु ती फी कोणीतरी भरलेली आहे, हे कितींना आठवते?

शिक्षण संपताच 1845 मध्ये दादाभाई एल्फिन्स्टन संस्थेतच साहाय्यक शिक्षक म्हणून रुजू झाले. 1848 च्या जूनमध्ये प्राध्यापक पॅटन यांच्या प्रोत्साहनाने तेथील आजी-माजी विद्यार्थ्यांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली. आरंभी तिचे स्वरूप निबंध वाचून दाखवण्याच्या व त्यावर चर्चा करण्याच्या मंडळासारखे होते. लवकरच तिच्या मराठी व गुजराती शाखा निघाल्या. मराठी शाखेचे अध्यक्ष व्याकरणकार दादोबा पांडुरंग होते. शाखांतून विज्ञान, आरोग्य, व्यापार, इतिहास अशा विषयांवर सामान्य लोकांना समजतील अशी व्याख्याने होऊ लागली. 1850 मध्ये 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिकही निघाले.

पण चर्चा करून ही तरुण मंडळी थांबली नाहीत. 1849 च्या ऑक्टोबरात त्यांनी मुलींच्या शाळा सुरू केल्या. इमारत नव्हती, वेतन नव्हते. दादाभाई व त्यांचे सोबती घरोघर जाऊन आयाबापांना विनवीत, की आपल्या ओसरीवर बसून मुलींना शिकवू द्या. काहींनी स्वागत केले, काहींनी जिन्यावरून खाली ढकलून देण्याची भाषा केली. तरी पहिल्या शाळांत 44 पारशी व 24 हिंदू मुली आल्या. सकाळी या तरुणांनी मुलींना शिकवावे आणि मग आपल्या स्वतःच्या वर्गावर किंवा कामावर जावे, असा क्रम होता. पुढे 1855 मध्ये दादाभाई एल्फिन्स्टन संस्थेत गणित व पदार्थविज्ञान या विषयांचे प्राध्यापक झाले. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

वाचकहो, या आकड्यांत आपल्यासाठी एक बोच आहे. 44 पारशी, 24 हिंदू. मुसलमान मुलगी त्या पहिल्या यादीत नाही. ज्या समाजाची मुले आधी शाळेत गेली, त्या समाजाला परत येऊन शिकवणारे तरुण आधी मिळाले. ज्यांची मुले शाळेतच नव्हती, त्यांच्याकडे परत कोण येणार? मागे राहण्याचे दुष्टचक्र असे फिरत राहते.

बद्रुद्दीन तैयबजी आणि अंजुमन

हे चक्र मुंबईत प्रथम ज्यांनी थांबवले, त्यांत बद्रुद्दीन तैयबजींचे नाव अग्रभागी येते. 1844 साली जन्मलेले बद्रुद्दीन आरंभी मदरशात व नंतर एल्फिन्स्टन संस्थेत शिकले. पुढे विलायतेस जाऊन 1867 मध्ये ते बॅरिस्टर झाले आणि मुंबईच्या हायकोर्टात वकिली करू लागले. हिंदी बॅरिस्टर ही त्या वेळी मुंबईत नवलाई होती. स्वतःची उत्तम वकिली असताना, थोरले बंधू कमरुद्दीन, नाखुदा मोहम्मद अली रोगे व मुन्शी गुलाम मोहम्मद यांच्यासह त्यांनी 1874 मध्ये 'अंजुमन-ए-इस्लाम'ची स्थापना केली. 1880 मध्ये अंजुमनची शाळा सुरू झाली आणि 1893 मध्ये बोरीबंदरसमोरील भव्य इमारतीत ती नांदू लागली. 2024 मध्ये या संस्थेने दीडशे वर्षे पूर्ण केली.

येथे एक सूक्ष्म फरक ध्यानात घ्यावा. दादाभाई आपल्याच शाळेत परतले. बद्रुद्दीन यांनी आपल्याला जे मिळाले ते ज्यांना मिळाले नव्हते, त्यांच्यासाठी नवी शाळाच उभी केली. ऋणफेडीच्या या दोन्ही रीती. एक दिवा आहे तिथे तेल घालते, दुसरी अंधार आहे तिथे दिवा नेते.

अलीगढची 'ड्यूटी'

आता उत्तरेकडे वळू. सर सय्यद अहमद खान यांची शाळा अलीगढला 1875 च्या मे महिन्यात सुरू झाली आणि 1877 च्या जानेवारीत महाविद्यालयाचा पाया घातला गेला. तेथील शिक्षण पुस्तकापुरते नव्हते. 1884 मध्ये पहिल्या प्राचार्यांच्या नावाने सिडन्स युनियन क्लब निघाला व तेथे वादविवाद रंगू लागले. क्रिकेटचे मैदान गाजू लागले. अवांतर म्हणून ज्या गोष्टींकडे आपण आजही तिरक्या नजरेने पाहतो, त्यांतूनच तेथे बोलणारे, लिहिणारे व नेतृत्व करणारे तरुण तयार झाले.

1890 च्या सुमारास साहिबजादा आफताब अहमद खान व त्यांच्या सोबत्यांनी 'अंजुमन-अल-फर्ज' नावाची संस्था काढली. इंग्रजीत तिला नुसते 'ड्यूटी' म्हणत. काम असे, की सुटीत मुलांनी गावोगाव फिरून गरीब विद्यार्थ्यांसाठी वर्गणी जमवायची, लोकांना शिक्षणाचे महत्त्व पटवायचे आणि छोटी दुकाने चालवून होणारा नफाही याच कामी लावायचा. खानदानी घरातल्या मुलाने दुकानावर उभे राहावे, दुसऱ्यासाठी हात पसरावा, ही त्या काळी सोपी गोष्ट नव्हती.

आफताब अहमद खान पुढे केंब्रिजला गेले, बॅरिस्टर झाले. परत आल्यावर मोठ्या शहरात वकिली थाटणे त्यांना अशक्य नव्हते. त्यांनी अलीगढ निवडले. जिथे शिकले त्याच गावी राहून त्यांनी कॉलेजची सेवा केली, आणि 1920 मध्ये कॉलेजचे विद्यापीठ झाल्यावर 1924 ते 1926 या काळात ते त्याचे कुलगुरू होते. 1899 मध्ये माजी विद्यार्थ्यांची 'ओल्ड बॉईज असोसिएशन' निघाली होती. एके काळचे क्रिकेट कप्तान मौलाना शौकत अली तिचे सचिव झाले. 1911 मध्ये विद्यापीठासाठी निधी जमवण्याकरिता आगाखानांबरोबर देशभर फिरणाऱ्यांत तेही होते. खेळाडू म्हणून शाळेने घडवले आणि संघटक म्हणून शाळेला परत मिळाले, असे हे उदाहरण.

पापा मियाँ आणि मुलींची शाळा

परंतु अलीगढच्या माजी विद्यार्थ्यांत मला सर्वाधिक धाडसी वाटतात ते शेख अब्दुल्ला. आदराने व प्रेमाने लोक त्यांना पापा मियाँ म्हणत. मूळचे काश्मीरचे. 1891 मध्ये अलीगढला शिकायला आले आणि तिथेच वकिली करू लागले. 1904 मध्ये त्यांनी स्त्रियांसाठी 'खातून' हे मासिक काढले आणि 1906 मध्ये पत्नी वहीद जहाँ बेगम यांच्यासह मुलींची शाळा सुरू केली. भाड्याचे घर, मोजक्या मुली, पडदा लावलेल्या डोल्यांतून त्यांना आणण्याची व्यवस्था. विरोध झाला, अफवा उठल्या. 1914 मध्ये वसतिगृह निघाले, तेव्हा बेगमसाहेबांनी त्या मुलींना आपल्या लेकींप्रमाणे सांभाळले. त्या स्वतः तिथे आहेत, एवढ्या एका विश्वासावर किती तरी आईबापांनी आपल्या मुली दूर गावाहून पाठवल्या. त्या इवल्याशा शाळेतून पुढे अलीगढचे विमेन्स कॉलेज झाले, आणि पापा मियाँच्या कन्या मुमताज जहाँ हैदर यांनी त्याचे प्राचार्यपद दीर्घकाळ भूषवले. 1964 मध्ये पापा मियाँना 'पद्मभूषण' मिळाले. दुसऱ्याच वर्षी ते निवर्तले.

पालकहो, या इतिहासातून निघणारी गोष्ट अगदी साधी आहे. मुलगी शाळेत टिकते ती तेथे कोणीतरी विश्वासाचे माणूस आहे म्हणून. आज शाळेत परत येऊन उपक्रम घेणारी माजी विद्यार्थिनी हेच काम करते. ती आपल्या मोहल्ल्यातली असते, तिच्या आईला आपण ओळखत असतो. ती नर्स झाली, शिक्षिका झाली, बँकेत लागली, हे आपल्या मुलीला पुस्तकात वाचावे लागत नाही. ते ती डोळ्यांनी पाहते.

जामियाचे वीस वर्षांचे वचन

29 ऑक्टोबर 1920 रोजी असहकाराच्या वाऱ्यात अलीगढलाच जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली. सरकारी मदतीवर चालणारे कॉलेज सोडून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांत झाकीर हुसेन हे एक होते. 1925 मध्ये जामिया दिल्लीस गेली. पैसा संपला होता, संस्था बंद करावी असे बोलले जात होते. झाकीर हुसेन तेव्हा जर्मनीत डॉक्टरेटचे शिक्षण घेत होते. त्यांनी तेथून कळवले की, मी व माझे मित्र येत आहोत, आम्ही येईपर्यंत जामिया बंद करू नका. 1926 च्या आरंभी आबिद हुसेन व मोहम्मद मुजीब या दोन मित्रांसह ते परतले. 1928 मध्ये जामियाच्या सेवकांनी प्रतिज्ञा घेतली : वीस वर्षे संस्थेची सेवा करू आणि दरमहा दीडशे रुपयांहून अधिक वेतन घेणार नाही. स्वतः झाकीरसाहेबांनी याहून पुष्कळ कमी घेतले.

युरोपची पदवी असलेला हा माणूस लहान मुलांच्या वर्गात रमत असे. मुलांसाठी त्यांनी गोष्टी लिहिल्या. 'अब्बू खाँ की बकरी' ही त्यांची गोष्ट आजही मुले आवडीने वाचतात. हाताने काम करत शिकावे, हा विचार त्यांनी तेथे रुजवला. 1937 मध्ये आपल्या वर्ध्याला महात्मा गांधींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद झाली, तेव्हा मूलोद्योगी शिक्षणाचा आराखडा तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद झाकीरसाहेबांकडेच आले. 1967 मध्ये ते भारताचे राष्ट्रपती झाले. परंतु शिक्षक ही त्यांची पहिली ओळख, आणि ती त्यांनी पदरच्या तोट्याने कमावली होती.

साताऱ्याचे वसतिगृह

महाराष्ट्राने ही परंपरा बहुजनांच्या दारी नेली. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभारली; 1906 मध्ये मुसलमान विद्यार्थ्यांच्या वसतिगृहालाही त्यांनी आधार दिला. त्यांच्यापासून स्फूर्ती घेतलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्याला वसतिगृह काढले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीत जेवत, श्रम करत व शिकत. पैसा अपुरा, खेडी असंख्य. मग इतके शिक्षक आले कुठून? पुष्कळसे याच वसतिगृहांतून आणि शाळांतून आले. रयतेत शिकलेला मुलगा रयतेचा सेवक होऊन दुसऱ्या खेड्यात जाई. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे साताऱ्याच्या वसतिगृहाचेच विद्यार्थी. विलायतेहून बॅरिस्टर होऊन ते रयतेतच परतले, तेथे शिकवले, संस्थेचे सचिव झाले व पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

इतिहास काय सांगतो?

या साऱ्या उदाहरणांतून तीन गोष्टी दिसून येतात.

पहिली, पैसा देण्याहून वेळ देणे कठीण आहे, आणि मुलांना वेळेचीच उणीव अधिक भासते. देणगीची पावती मिळते. शनिवारच्या दोन तासांची पावती कोणी देत नाही. आखातात किंवा मोठ्या शहरात नोकरी करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी शाळांना उदारपणे मदत केली आहे, याबद्दल समाज ऋणी आहे. पण सुटीवर आल्यावर त्यांनी एक सकाळ वर्गातही द्यावी.

दुसरी, नुसता उत्साह टिकत नाही. त्याला व्यवस्थेचा आधार लागतो. मुंबईच्या तरुणांच्या शाळा वाचल्या, कारण कामा कुटुंबासारखे दाते पुढे आले आणि पगारी शिक्षक नेमता आले. तरुण मंडळी नोकरीधंद्यात गुंतणारच होती. म्हणून आपल्याकडेही उपक्रम मुख्याध्यापकांच्या संमतीने, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी व शाळेच्या शिक्षकाच्या उपस्थितीत व्हावेत. एकाने एकच विषय घ्यावा, पण वर्षभर चालवावा. दहा उद्घाटनांपेक्षा एक वर्षभर चाललेले वाचन मंडळ मुलांच्या अधिक उपयोगी पडते. आणि उपक्रम घेणाऱ्याने शिक्षकाची जागा घेऊ नये. त्याच्या हाताला हात लावावा.

तिसरी, परत येणारा मोठ्या हुद्द्यावरच असला पाहिजे असे मुळीच नाही. वीजतंत्री असलेला माजी विद्यार्थी नववीच्या विज्ञानातला विद्युतमंडलाचा धडा फळ्यापेक्षा चांगला समजावून देईल. औषधांच्या दुकानात काम करणारा वेष्टनावरील मजकूर वाचायला शिकवील. वकील झालेली मुलगी वर्गातच न्यायालयाचा देखावा उभा करील. छापखान्यातला माणूस मुलांकडून भित्तिपत्रक काढून घेईल. दहावीत नापास होऊन पुन्हा बसलेला आणि उत्तीर्ण झालेला तरुण तर मुलांना जे सांगू शकेल, ते पहिला आलेला कधीच सांगू शकणार नाही.

आणि या सर्वांची गरज किती निकडीची आहे, हे 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखवून दिले होते. सहा ते चौदा वयाच्या मुसलमान मुलांपैकी पंचवीस टक्के मुले एकतर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा मधूनच गळाली होती. त्यानंतर 2009 मध्ये शिक्षण हक्काचा कायदा झाला, शाळा वाढल्या, मुलींचे प्रमाण वाढले. तरीही आठवी-नववीतला एखादा मुलगा अचानक गॅरेजवर दिसू लागतो, एखाद्या हुशार मुलीचा दाखला गुपचूप काढला जातो, हे आपण सारे जाणतो. अशा वेळी मुख्याध्यापकांचे पत्र घरी जाण्याआधी जर त्या मुलाला रोज गल्लीत भेटणारा एखादा 'भाई' किंवा त्या मुलीची एखादी 'बाजी' घरी जाऊन म्हणाली, की शनिवारी तुझी वाट पाहिली, का आला नाहीस, तर कित्येक दाखले निघायचे थांबतील.

पालकहो, आपल्याकडे मागणे एवढेच, की शाळेनंतरच्या उपक्रमाला रिकामटेकडेपणा समजू नका. मुलीला थांबू द्या, मुलाला बोलू द्या. शाळेच्या परीक्षेत जे विचारत नाहीत, पण आयुष्याच्या परीक्षेत जे हमखास विचारले जाते, ते अशाच तासांत शिकायला मिळते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमची पाळीही यायची आहे. आज जो ताई किंवा दादा तुमच्यासाठी येतो, त्याचे आभार शब्दांनी मानण्याची घाई करू नका. त्याचे नाव, त्याने शिकवलेली एक गोष्ट आणि आजची तारीख वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. काही वर्षांनी ते पान उघडाल, तेव्हा कोणत्या शनिवारी शाळेत जायचे ते तुमचे तुम्हालाच कळेल.